ला सोलानाची लाकडं

"आणि मेन्सियाच्या वाइनबरोबर काय खायचं?"

"मेन्सिया... म्हणजे बिएर्सोची. वायव्येकडची. पाटीच्या दगडाची जमीन, पाऊस बरा." हेमलता म्हणाली. "उकडलेला ऑक्टोपस, वर लाल तिखट. नाही तर धुरावलेलं डुकराचं मांस आणि बटाटे."

"मोनास्त्रेल?"

"हुमियाची. आग्नेयेला, कोरड्या माळावरची. सशाचं मांस घातलेला भात."

"तुमच्या गावात ससा मिळत नाही म्हणाली होतीस."

"मग काळ्या मसाल्याचं मटण. आणि बाजरीची भाकरी."

"हं." म्हाताऱ्याने चिमट्याने निखारे सारखे केले. "तोरो?"

"माएस्त्रो, मी तुम्हाला एक सांगायला आलेय."

"तोरो?"

"तोरो... मेंढीच्या दुधाचं जुनं चीज. चांगलं वर्षभर मुरलेलं."

म्हातारा मान डोलावत राहिला. उत्तर बरोबर आलं की तो कधी शाबासकी देत नसे. पुढचा प्रश्न विचारत असे.

त्याचं नाव सातुर्निनो. वय चौऱ्याऐंशी. स्पेनच्या उत्तरेला, रिओहा भागात, एब्रो नदीच्या काठच्या एका गावात तो बहिणीबरोबर राहत होता. गावातल्या मोठ्या वाइनरीचं तळघर त्याने चाळीस वर्षं सांभाळलं होतं. कुठल्या पिपात काय चाललंय, हे तो बाहेरून थाप मारून सांगतो असं लोक म्हणत. ते खरं नव्हतं. तो पिपाचं बूच काढून वास घेत असे, इतकंच. पण त्या वासावरून तो जे सांगे, ते खरं निघे.

माएस्त्रो म्हणजे तिकडचे गुरुजी. हेमलता त्याला पहिल्या दिवसापासून तेच म्हणत आली होती.

हेमलता बोरस्ते निफाडकडची. घरची द्राक्षबाग. वाइन शिकायला ती पंचविसाव्या वर्षी स्पेनमध्ये आली, आणि कॉलेज संपल्यावर दीड वर्ष या म्हाताऱ्याच्या हाताखाली राहिली. पहिले तीन महिने त्याने तिला वाइनचा एक घोट घेऊ दिला नाही. ओलं गोणपाट, चिरलेली मिरची, पीप फोडल्यावर निघालेली फळी, गारपिटीनंतरची माती... हुंग म्हणायचा. सांग म्हणायचा. चुकली की म्हणायचा, "उद्या."

त्याची आणि बहिणीची मिळून एक बाग होती. ला सोलाना. म्हणजे उन्हाची बाजू. आजोबांनी लावलेली. तिथले वेल तारेवर चढवलेले नव्हते. जमिनीतून बुटके, पिळदार खुंट वर आलेले, अंगठ्याच्या वाढलेल्या नखासारखी त्यांची साल. तेम्प्रानियो आणि गार्नाचा, दोन्ही जाती एकमेकींत मिसळून लावलेल्या. वेलाला दोन-चार घड यायचे, जास्त नाही. वाइनरीने त्या बागेची वाइन वेगळी ठेवायची, बाटलीवर बागेचं नाव घालायचं, असं जुनं बोलणं होतं. वर्षाला तीन-चार पिपं भरायची. तेवढीच.

त्या बागेत तो तिला डोळे मिटायला लावायचा. तोंडात एक मणी द्यायचा. "साल चाव. आता बी चाव. कडू लागली? मग अजून आठ दिवस."

ती पटकन शिकली. फार पटकन शिकली. पुढच्या काही वर्षांत माद्रिदच्या एका वाइन मासिकात तिचं नाव झालं. तिने दिलेले गुण दुकानांच्या काचेवर चिकटवले जायचे.

आणि आज, शेवटच्या भेटीनंतर अकरा वर्षांनी, ती या दारात उभी राहिली होती.

दार फिलोमेनाने उघडलं. म्हाताऱ्याची बहीण, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, तरुणपणीच नवरा गेलेली. पूर्वी ती हेमलताला "तू" म्हणायची, दारातूनच गालाचा मुका घ्यायची, तिच्या ताटात जबरदस्तीने वाढायची. आज ती बाजूला झाली आणि म्हणाली, "या. आत आहे तो. तुम्ही जेवणार असाल तर तिघांचं करते."

तुम्ही.

हेमलताने ते ऐकलं. तिने कोट काढून हातावर घेतला.

म्हातारा मात्र तिला बघून हरखला. उठायला त्याला वेळ लागला, पण उठला. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्याने नीट पाहिला, म्हणाला, "केस पिकले, मुली." मग तिला चुलीजवळच्या बाकावर बसवून, जणू काल संध्याकाळीच तास अर्धा राहिला होता, तसे प्रश्न सुरू केले.

"प्रिओरात?"

"रानडुकराचा रस्सा."

"रिबेरा?"

"उंचावरची. दिवसा ऊन, रात्री थंडी. मातीच्या भांड्यात भट्टीत भाजलेलं कोवळं कोकरू."

"आणि आपली?"

हेमलताने चुलीकडे पाहिलं.

"आपली, मुली. रिओहाची."

"कोकराच्या बरगड्या," ती म्हणाली. "द्राक्षाच्या काड्यांवर भाजलेल्या."

"बघ. आज तेच आहे." म्हाताऱ्याने जाळी निखाऱ्यांवर ठेवली. चरबी टपकली, चर्र झालं, धूर वर गेला.

ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. खांदे किती उतरले होते. आधी बोलून टाकायला हवं होतं. दारातच. म्हणजे मग त्याने हा चुलीपुढचा खटाटोप केला नसता. पण तो प्रश्न विचारत गेला आणि ती उत्तरं देत गेली. उत्तरं देणं तिला नेहमीच सोपं जायचं.

जे झालं होतं ते असं.

अकरा वर्षांपूर्वी माद्रिदला वाइनची एक मोठी स्पर्धा भरली होती. लांब टेबल, पांढरी चादर, पाच परीक्षक. बाटल्यांवर कापडी पिशव्या चढवलेल्या, म्हणजे कुणाची कुठली ते कळू नये. पाचांत हेमलता सगळ्यांत नवी. सकाळी कॉफी घेताना शेजारचा एक जण हसत म्हणाला, "आज तुझ्या म्हाताऱ्याचीही बाटली असेल हं. सांभाळून." सगळे हसले. तीही हसली.

सहावा ग्लास तिने नाकाशी नेला.

आणि तिला बाग दिसली. उतार, लाल माती, बांधावरचं बदामाचं झाड. सगळंच. त्यात शंकेला जागाच नव्हती.

तिने मान वर केली. तो शेजारचा तिच्याकडे बघत होता. कदाचित सहज बघत असेल. तिला मात्र वाटलं, हा ताडतोय. आता मी गुण दिले की हा म्हणेल, दिले की नाही गुरूला. इतक्या वर्षांनी मिळवलेलं नाव... एका ग्लासापायी?

तिने शाईचं पेन उचललं आणि लिहिलं : थकलेली. जुन्या लाकडाखाली दबलेली. पुढे काही नाही.

खाली गुण लिहिले. कमी. इतके कमी, की बाकीच्या चौघांच्या गुणांनीही ते भरून निघाले नाहीत.

मासिकात ते तिच्या नावासकट छापून आलं. वाइनरीत तेव्हा नवा व्यवस्थापक आला होता, त्याला जुन्या बागा नकोच होत्या. त्याने ते पान कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. तुमच्या स्वतःच्या शिष्येने लिहिलंय, असं म्हाताऱ्याला म्हणाला. पुढच्या हंगामापासून ला सोलानाची वाइन वेगळी निघणार नाही. द्राक्षं घेऊ, पण नव्या वेलांची, तारेवरची. जुन्या वेलांची द्राक्षं घेणारं दुसरं कुणी नव्हतं. फेब्रुवारीत ट्रॅक्टर आला. दोन दिवसांत बाग उपटून झाली.

हेमलताला हे कळलं तीन वर्षांनी, एका प्रदर्शनात, कुणाच्या तरी बोलण्यातून. तिथल्या तिथे ती बाहेर जाऊन जिन्यात बसली होती. मग उठली, चेहरा धुतला, आत आली.

म्हाताऱ्याचं कार्ड दर नाताळात यायचं. तब्येत ठीक. फिलोचे गुडघे दुखतात. यंदा पाऊस उशिरा. त्यात बागेबद्दल अवाक्षर नसायचं. ती उत्तरात लिहायची, काळजी घ्या. दर वर्षी तेवढंच लिहायची.

गेल्या एप्रिलात ती निफाडला होती. आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मळ्यातली अठरा वर्षांची बाग काढायला घेतली. निफाडकडे बागा काढतातच. माल कमी यायला लागला की काढायची, नवी लावायची, त्यात विशेष काही नाही. गडी आले, तारा सोडवल्या, जेसीबीने खोडं उपटली. आबा बांधावर बसले होते. दुपार झाली तरी त्यांनी डबा उघडला नाही. ती पाणी घेऊन गेली तेव्हा म्हणाले, "अठरा वर्षं रोज हिच्याकडे येत होतो गं."

अठरा.

त्या रात्री तिने तिकीट काढलं. तरी निघायला नोव्हेंबर उजाडला. दर वेळी काही ना काही काम निघत गेलं.

"चला," म्हातारा म्हणाला. "गरम आहेत तोवर."

फिलोमेनाने ताटं मांडली. पाव, लसणात परतलेल्या लाल मिरच्या, मधोमध बरगड्यांची रास. वाइन काचेच्या जगमध्ये आली, गावातल्या सोसायटीची, यंदाचीच. जांभळी, कोवळी.

"हिच्यात ओळखायचं काही नाही," म्हातारा म्हणाला. "नुसती पी."

बरगड्या हाताने खायच्या असतात. हेमलताने एक उचलली, चावा घेतला आणि क्षणभर ती सगळं विसरली. मांस कोवळं होतंच, पण वर तो धूर... गोडसर, खोल, जिभेवरून उतरला तरी नाकात रेंगाळणारा. दीड वर्षात तिने इथे कितीतरी वेळा बरगड्या खाल्ल्या होत्या. असा धूर कधी लागला नव्हता.

"काय सुंदर लागतंय, माएस्त्रो!" ती मनापासून म्हणाली. "या नुसत्या काड्या नाहीत. कसलं लाकूड आहे?"

म्हातारा पाव मोडण्यात गुंतला.

उत्तर फिलोमेनाने दिलं. "चांगलं लाकूड आहे. नव्वद वर्षांचं."

"फिलो..."

"का? त्यांनी विचारलं म्हणून सांगतेय." तिने हात पुसले. "ला सोलानाचे खुंट आहेत ते. ट्रॅक्टरवाल्याने ढीग करून ठेवला होता, पेटवून देणार होता. हा हातगाडी घेऊन गेला. पंधरा दिवस खेपा घालत होता, त्या वयात. मागचा गोठा छतापर्यंत भरला होता. आता भिंतीला लागून एक रांग उरलीय."

हेमलताच्या हातात हाड तसंच राहिलं.

घास तोंडात होता. तो गिळावा तरी कसा, आणि थुंकावा तरी कसा... तिने गिळला.

"दुसऱ्या लाकडाचा असा निखारा पडत नाही," म्हातारा म्हणाला. "टाकून द्यायचे होते का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. ती राग शोधत होती. सापडला असता तर बरं झालं असतं.

"रोज नाही जाळत," तो पुढे म्हणाला. "कुणी आलं तर."

"कुणी येत नाही," फिलोमेना म्हणाली.

"आज आली ना."

फिलोमेना खुर्ची मागे सारून उठली आणि चुलीशी जाऊन उभी राहिली, त्यांच्याकडे पाठ करून. पाठमोरीच बोलली. "अकरा वर्षं याला हेच सांगताना ऐकतेय मी. बेकरीत, देवळाच्या पायऱ्यांवर, पत्त्यांच्या टेबलावर. लोक म्हणायचे, तुझ्याच शिष्येने तुला बुडवलं, सातुर. तर हा म्हणायचा..."

"खरं तेच म्हणायचो."

"हा म्हणायचा, त्या दिवशी पोरीला सर्दी झाली होती."

चुलीत एक खुंट फुटला. ठिणग्या उडाल्या.

"सर्दीत नाक काय करणार?" म्हातारा म्हणाला. "माझंही होतं तसं. सर्दी असली की मी पिपाजवळ जातच नसे. पण ती त्या टेबलावर नवी. नाही कसं म्हणणार?" तो हेमलताकडे वळला. त्याचे डोळे पाणावलेले होते, पण ते धुराने असतील. "नाही तर तू ओळखली असतीस. मी फिलोला म्हटलं, ओळखल्याशिवाय राहिलीच नसती. सर्दी झाली होती... झाली होती ना, मुली?"

हेमलताने त्याच्याकडे पाहिलं.

एक "हो" पुरेसा होता. "हो" म्हटलं असतं तर म्हातारा हसला असता. फिलोमेनाने कदाचित आणखी एक बरगडी ताटात वाढली असती. अकरा वर्षं त्याने स्वतःच्या हाताने रचून ठेवलेलं ते घर, सर्दीचं, त्यात त्याने तिलाही जागा ठेवली होती. तिने फक्त आत जाऊन बसायचं होतं.

आणि ती तर क्षमा मागायला आली होती. क्षमा कशाची, हे म्हाताऱ्याला माहीतच नव्हतं. जे तो आधीच माफ करून बसला होता, ते तिने केलेलंच नव्हतं.

"हो" ओठापर्यंत आला.

"नाही," ती म्हणाली.

म्हातारा वाट बघत राहिला. त्याला वाटलं, वाक्य पुरं व्हायचंय.

"मला सर्दी नव्हती, माएस्त्रो. मला काही झालं नव्हतं." तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "मी ओळखली होती."

फिलोमेना वळली.

"ओळखली होती. म्हणूनच कमी गुण दिले. तिथले लोक म्हणतील, गुरूची म्हणून दिले... म्हणून भ्याले. मला चांगली वाटली होती. त्या दिवशीच्या सगळ्यांत तीच चांगली होती. आणि मी लिहिलं, थकलेली." तिने हाड ताटात ठेवलं. "मी खोटं लिहिलं. हे सांगायला आले होते. फार उशिरा आले."



मग फिलोमेनाने दोन्ही हात तोंडावर नेले. "म्हणजे हिला ठाऊक होतं... सातुर, ऐकतोयस ना? ठाऊक असताना! आणि तू गावभर हिच्यासाठी..."

म्हाताऱ्याने हात वर केला. ती थांबली.

तो ताटातल्या हाडांकडे बघत राहिला. मग समोरच्या वाइनकडे. हेमलताला वाटलं, आता हा मला जा म्हणेल. म्हणावंच. ती उठून उभी राहिली, खुर्चीवरचा कोट हातात घेतला.

"बस," म्हातारा म्हणाला.

ती बसली.

"कितवा ग्लास होता?"

"काय?"

"ग्लास. कितवा होता?"

"सहावा."

"आधीच्या पाचांनी जीभ जड झाली असणार."

"झाली होती."

"मग घोट घेतलास आणि कळलं? की गिळल्यावर?"

हेमलताने नकारार्थी मान हलवली. "घोट घेतलाच नव्हता," ती कशीबशी म्हणाली. "ओठाला लावायच्या आधी. नाकाशी आला आणि..."

"आधी?"

"हो. आधीच."

म्हातारा खुर्चीत मागे टेकला. डोळ्यांतून आलेलं पाणी त्याने पुसलं नाही. ते सुरकुत्यांमधून खाली गेलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरलं, की हेमलताला ते बघवेना, आणि तिला मान फिरवताही येईना.

तो बहिणीकडे वळला.

"ऐकलंस, फिलो?" तो म्हणाला. "नुसत्या वासावर."